तीन बाजूंचं टेबल

काचमास्तरांची माणसांबद्दल मुख्य तक्रार एकच होती, ती हलतात. पुतळ्याचा हात एकदा बशीजवळ ठेवला की सुट्ट्या संपेपर्यंत तिथेच राहतो. माणूस मात्र नाक खाजवतो, खुर्चीवर मांडी घालतो आणि चांगल्या मांडणीचा विचका करतो.

एका मोठ्या दुकानाच्या रस्त्याकडच्या काचा ते सजवायचे, म्हणून हे नाव. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की त्यांचा भाव वधारायचा. काचेमागे जेवणाच्या टेबलाभोवती ते एक सुखी कुटुंब बसवत. लाकडाचे पाव, मेणाची फळं, रिकाम्या खोक्यांच्या भेटवस्तू. लोक पोराबाळांसकट थांबत, काचेवर नाकं दाबत आणि ‘किती छान ना’ म्हणत. मास्तर फुटपाथवर उभे राहून ऐकत. ‘घरी एकमेकांवर खेकसतील आणि इथे प्लॅस्टिकच्या बाईकडे बघून गहिवरतील,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकायला घरी कुणी नव्हतं. लग्नाचं त्यांनी मनावर घेतलं नाही. बायको म्हणजे आणखी एक हलणारं माणूस.

त्यांना सुट्टीत जेवायला बोलावणारं जगात एकच घर होतं, थोरल्या बहिणीचं. गेल्या वर्षी तिथेही त्यांनी दिवे लावलेच. दाजींना पडद्याला शोभत नाही म्हणून शर्ट बदलायला लावला. भाचीची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, तेही ती घास चावत असताना. पोरगी रडत उठली. ‘पुन्हा येऊ नकोस,’ ताईनं दारातच सांगितलं. मास्तर ‘गेले उडत’ म्हणत निघाले आणि पुढे वर्षभर फोन वाजला की धडपडत उठत राहिले.

शेवटी या सुट्टीत ताईचा फोन आला.

“टेबल तूच मांड,” ताई म्हणाली, “तुझ्या मनासारखं. पण माणसं बसली की कुणाला नि कशाला हात लावायचा नाही. लावलास तर पुन्हा हे दार उघडणार नाही.”

मास्तर दुपारीच हजर झाले. ताईच्या बश्या बघून त्यांनी कपाळावर हात मारला. एकीला दुसरीची ओळख नव्हती. पण हातात कला होती, हे नाकारून चालणार नाही. त्यांनी चादर इस्त्री करून टेबलावर अंथरली, डोक्यावरचा पांढराफटक दिवा बंद करून कोपऱ्यातला पिवळा मधोमध आणला, आणि त्या बेवारशी बश्या अशा मांडल्या, की कुणी मुद्दाम एकेक हुडकून आणल्यात असं वाटावं. सगळे जेवायला आले आणि दारातच थबकले.

“मामा, हे आपलंच घर आहे?” भाचीनं विचारलं.

सगळे बसले. मास्तर सवयीनं मागे मागे सरकत खिडकीपाशी गेले आणि एक डोळा मिटून पाहू लागले. दाजी, ताई, भाची, दाजींची म्हातारी आई. उजेड प्रत्येकाच्या तोंडावर. दाजींचा शर्टसुद्धा खपून जात होता. मास्तरांना खरोखर भरून आलं. ही माणसं आपली आहेत याचा त्यांना आनंद झाला, आणि तो त्यांना जरा लाजिरवाणाच वाटला.

“बस की आता,” ताई म्हणाली.

बसणार कुठे? खुर्चीच नव्हती. काचेकडे पाठ करून कुणाला बसवायचं नाही, हा धंद्यातला पहिला नियम. फुटपाथवर थांबून पाठ कोण बघणार? मास्तरांनी इथेही तीनच बाजूंना खुर्च्या लावल्या होत्या, सगळ्यांना धरून, फक्त स्वतःला सोडून. वर्षभर ज्या टेबलासाठी जीव टांगणीला लागला होता, तिथून स्वतःचा पत्ता त्यांनी स्वतःच कापला होता.

दाजी फिसकन हसले. “मास्तर, तुम्ही पाहुणे की गिऱ्हाईक?”

“मला इथूनच बरं दिसतंय,” मास्तर ताठ्यात म्हणाले.

“दिसत असेल. जेवण तिथे येणार नाही,” ताई म्हणाली.

दाजींनी न्हाणीघरातलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल आणलं आणि खिडकीच्या बाजूला आदळलं. बशीला जागा करायला भाचीनं चादर ओढली, तिला चुण्या पडल्या, दिवा तिरका झाला. मास्तरांचा हात चादरीकडे निघाला. ताई बघत होती. तिनं चमचा खाली ठेवला. मास्तरांनी हात अर्ध्यातून परत घेतला, खिशात कोंबला आणि स्टुलावर बसले. टेबल थेट छातीला लागलं. दिव्याआड ताईचं अर्धंच तोंड दिसत होतं, म्हातारी मचमच करत होती, दाजींचं कोपर बरगडीत घुसत होतं.

“काय भिकार दिसतंय हे सगळं,” मास्तर म्हणाले.

“कुणाला?” ताईनं त्यांच्या बशीत वाढत विचारलं. “बाहेरून बघायला आता उरलंय कोण?”

मास्तरांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. तिथे खरंच कुणी नव्हतं.