नीलाबाई आणि न येणारं उत्तर

नीलाबाई गेल्याचं त्यांच्या भावजयीने फोनवर सांगितलं तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. "सकाळी चहा घेतला, म्हणाल्या वाईच पडते... आणि उठल्याच नाहीत हो." त्याला आता पाच आठवडे झाले. रत्नागिरीच्या कॉलेजात त्यांनी मला प्रोग्रामिंग शिकवलं, एवढंच सांगितलं तर ते खरं असूनही फार थोडं होईल. निवृत्तीनंतर भाटे गावातल्या घरात बसून त्या एका प्रोग्रामिंग भाषेच्या देखभालीचं काम करायच्या, तेही फुकट. जगभर विखुरलेली पंधरा-वीस माणसं ती भाषा सांभाळतात. मला त्यात ओढलं ते बाईंनीच.

त्या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेबरोबर सगळ्यांना आयत्या मिळणाऱ्या सोयींत, नेटवर्कचा भाग जुनाट होता. प्रोग्रामने दूरच्या मशीनला काही विचारलं की उत्तर येईपर्यंत तो नुसता खोळंबून राहायचा. उत्तर येईस्तोवर बाकीची कामं चालू ठेवता यावीत, अशी असिंक्रोनस सोय मी लिहायला घेतली. "भात शिजेस्तोवर कोणी पातेल्याकडे बघत उभं राहतं का रे? नारळ खवून होतो तेवढ्यात," असं बाई म्हणायच्या, आणि ते मी पुढे कितीतरी भाषणांत माझंच म्हणून खपवलं. दोन वर्षं माझे शनिवार-रविवार त्या कामात गेले. येत्या आवृत्तीत ते जायचं होतं, घोषणेचा मसुदा तयार होता, आणि नेटवर्कचं काम तपासणाऱ्या बाईंची मंजुरी तेवढी राहिली होती.

ती घ्यायला मी पेढे घेऊन गेलो होतो, हे आठवलं की आता हसू येतं. बाईंनी पेढे देवापुढे ठेवले, माझा लॅपटॉप पडवीत मांडून आपल्या फोनच्या नेटला जोडला, माझा प्रोग्राम सुरू केला आणि फोन उचलून थेट विहिरीच्या खालच्या पायरीवर ठेवून आल्या. तिथे रेंज नसते. मग म्हणाल्या, "चल, पानं घेतल्येत." आम्ही जेवलो, बाईंनी डुलकी काढली, फोन परत आणला, रेंजही आली, प्रोग्राम आपला तसाच. पलीकडचं मशीन जोडणी तोडून केव्हाच निघून गेलं होतं आणि ते सांगायलाही कोणी उरलं नव्हतं. "अरे मेल्या, हा अजून वाट बघतोय हो! किती वेळ बघेल?" मी म्हटलं, "उत्तर येईपर्यंत." बाईंनी चष्मा काढला. "आणि यायचंच नसलं तर?" पुण्यात माझ्या घरच्या लाइनवर उत्तर आलं नाही असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे वाट पाहण्याला मुदत हवी हे मला सुचलंच नव्हतं. पुढच्या वेळी घालू, आत्ता जाऊ द्या, असं मी विनवलं. त्या म्हणाल्या, "लायब्ररीत एकदा गेलं की गेलं. लोक त्यावर आपली कामं उभी करतात, मग तुला ते हलवता येत नाही. मी हो म्हणायची नाही."

मी चहा न घेता निघालो. माझं काम त्या आवृत्तीत गेलं नाही. चार महिने बाईंशी बोललो नाही, आणि आमच्या गटात एकाला उत्तर देताना 'म्हातारपणी नवं काही नकोसं होतं' असं लिहूनही बसलो, तेही बाईंना दिसेल अशा जागी. त्यांनी ते वाचलं असणारच. शेवटपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत... ते मला आजही टोचतं. राग उतरल्यावर सगळं पुन्हा लिहिलं. आता मुदत सांगितल्याशिवाय वाट पाहायला सुरुवातच करता येत नाही. बाईंची मंजुरी तासाभरात आली आणि तिच्याखाली, साऱ्या जगासमोर, चक्क मराठीत दोन शब्द: "आता कसं!" आज त्या कामासाठी लोक मला ओळखतात. जे जायला निघालं होतं ते गेलं असतं, तर कशासाठी ओळखलं असतं ते सांगायला नको. मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे.

गेल्या आठवड्यात ब्राझीलमधल्या एका प्रोग्रामरचा निरोप आला. त्याच नेटवर्कच्या सोयीतली तिची एक छोटी दुरुस्ती बाईंकडे तपासायला होती. अजून किती दिवस थांबू, असं तिने फार संकोचाने विचारलं होतं. तपासणाऱ्याच्या रकान्यात अजून नीलाबाईंचंच नाव होतं. ते काढायचं काम माझं, आणि पाच आठवडे मी तिकडे फिरकलोच नव्हतो. त्या संध्याकाळी तिची दुरुस्ती उतरवून घेतली, प्रोग्राम चालू केला आणि लॅपटॉप-फोन घेऊन आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. वॉचमनने विचारलं, "काय साहेब, काही हरवलं का?" मी मान हलवली. रेंज गेली, आकडे उलटे मोजले गेले, आणि स्क्रीनवर ओळ उमटली: मुदत संपली, उत्तर आलं नाही. रेंज येईल एवढाच वर चढून, पार्किंगच्या उतारावर उभं राहून मी रकान्यातलं बाईंचं नाव काढलं आणि तिला लिहिलं, "तुला फार थांबवलं, माफ कर. नीलाबाई आता नाहीत. मी तपासलं आहे. बरोबर आहे."