उजव्या खिडकीतला हात

फटफटी चालवायला मला मेहुण्याने शिकवलं, पण रस्ता शिकवला तो ट्रकवाल्यांनी. वडनेरहून हिंगणघाटला जाताना हंगामात पुढे कापसाचा ट्रक लागला की झालंच कल्याण. कापूस दोन्ही बाजूंनी असा फुगून आलेला, की पुढून हत्ती आला तरी मागच्याला पत्ता नाही. मग हॉर्न द्यायचा आणि ड्रायव्हरच्या खिडकीकडे पाहत राहायचं. हात बाहेर येऊन नुसता आडवा राहिला तर थांबायचं. पुढे-पुढे हलला की निघायचं. पुढे गेल्यावर आपणही हात वर करायचा. चढावर तर उंच बसलेल्या त्याला दिसे ते आपल्याला दिसतच नसे, म्हणून त्या हातावर कोणी शंका घेत नसे.

माझा बालमित्रही ट्रक चालवायचा. मनगटात तांब्याचं कडं असलेला त्याचा हात मी दुरूनही ओळखत असे.

त्या दिवशी बायको मागे बसली होती. हिंगणघाटला तिच्या माहेरी साखरपुडा होता. नाल्याच्या अलीकडच्या चढावर त्याचाच ट्रक पुढे होता. मी हॉर्न दिला, कडं चमकलं, हात पुढे-पुढे हलला. मी निघालो आणि समोर जीप. फटफटी रस्त्याखाली घातली म्हणून जीव वाचला. बायकोचा गुडघा मात्र फुटला.

त्यानेच तिला उचलून ट्रकमध्ये बसवलं, दवाखान्यात नेलं. चूक कोणाचीही होते, मी मनात केव्हाच माफ करून टाकलं होतं. मग हवालदार आला.

"म्या हात देलाच नाई साहेब," मित्र त्याला म्हणाला. "हा आपल्या मनानंच घुसला."

बाहेर आल्यावर त्याने माझा खांदा धरला. "मालक मले गाडीवरून उतरवून देईन ना बे. तुयं काय जाते?"

काय गेलं ते सासरच्यांनी सांगितलं. पोरीला घाईने मारायला निघालेला जावई! ते मी गिळलं. पण बायको पाठीमागे पदर सावरत बसली होती, तिला काहीच दिसलं नव्हतं. प्लास्टर निघाल्यावर एकदा तिने हळूच विचारलं, "खरंच देलता का जी त्यानं हात?" मित्राचा राग आला होता, हे मात्र लागलं. मी शपथ घेतली नाही. घ्यावी लागावी, हेच मला सोसवेना.

तिचा गुडघा त्यानंतर वाकलाच नाही. पाय लांब काढून, माझ्या खांद्यावरून पुढे पाहत बसायची सवय तिला लागली.

पाच-सहा वर्षांनी त्याच रस्त्याला पुन्हा त्याचा ट्रक पुढे आला. मी हॉर्नही दिला नव्हता. आरशात ओळखलं असेल त्याने. कडं बाहेर आलं, हात पुढे-पुढे हलू लागला. मी धूळ खात मागेच राहिलो.

"हात देऊन राह्यला ना तो," बायको म्हणाली. "काऊन नाई जात?"

"दिसला तुले?" मी विचारलं.

हिंगणघाट येईपर्यंत तो हात हलत होता, आणि खांद्यावरची तिची पकड घट्ट होत गेली.