झटपट सर आणि खारट थेंब

प्रयोगशाळेत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. पाठीमागे सगळे झटपट सरच म्हणत. चहा उकळता घशात ओतायचा आणि जीभ भाजली की चहावाल्याच्या नावानं बोटं मोडायची. बायकोसुद्धा त्यांनी उभ्या उभ्या पसंत केली. "पायातल्या चपला काढल्या नव्हत्या हो," ती सांगे, "अजून काढलेल्या नाहीत!" अशा माणसाच्या हाती काम कुठलं यावं? तर धीराचं.

गारगोटीच्या स्फटिकात केसाहून बारीक असा पाण्याचा थेंब कोंडलेला असतो, युगायुगांचा. तो फोडायचा नाही. द्रवरूप नायट्रोजननं आतल्या आत गोठवायचा आणि त्यावर लेसर सोडायचा. पडद्यावर साध्या बर्फाचं एक शिखर उमटतं, मीठ धरलेल्या बर्फाचं दुसरं. दोन्हींच्या उंचीवरून थेंब किती खारट ते कळतं. पण मीठ मोठं हट्टी! एका दमात गोठवलं तर त्याचे स्फटिकच होत नाहीत. थंडी जरा उतरवायची, थांबायचं, मग पुन्हा गोठवायचं.

थांबायचं म्हटलं की सरांचं घोडं पेंड खाई. "थांबायचं काय त्यात? बर्फ म्हणजे बर्फ!" त्यांनी एकदाच गोठवलं, दुसरं शिखर दिसलं नाही, आणि 'पाणी गोडं' असा लेख छापून मोकळे झाले.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीनं तोच थेंब नीट थांबून मोजला, तर खारट निघाला. झालं! तिचा प्रबंध दोन वर्षं सरांच्या सहीवाचून पडून राहिला. नोकरी पदवीसाठी अडलेली, आणि घरी आईचं रोजचं, "झाली का गं सही?" सर म्हणायचे, "गुरूपेक्षा शहाणी झालीस होय?" आधी ती रडायची. पुढं पुढं तिला त्यांची किळस यायला लागली.

शेवटी वाद मिटवायला विद्यापीठानं धाडलेल्या बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. म्हणाल्या, "माझ्यासमोर मोजा."

"आत्ता दाखवतो!" सरांनी मुलीला बाजूला सारून थेंब गोठवला. एकच शिखर. "बघा, गोडं!" मग विजयाच्या भरात नायट्रोजनची तोटी बारीक करून ते स्वतःची कीर्ती सांगत बसले. कुठं भाषण दिलं, कुठं पदक मिळालं, कोण कसं जळलं. इकडे थेंबाची थंडी उतरत होती. मुलीनं तापमानाचा आकडा बघितला. बोल बाबा, अजून बोल, ती मनात म्हणत होती.

बढाई आटोपल्यावर "हवं तर पुन्हा बघा!" म्हणत सरांनी तोटी सोडली.

पडद्यावर दुसरं शिखर उभं राहिलं, चांगलं ठसठशीत.

"मी... मी म्हणतच होतो," सर म्हणाले, "खारट असणार!"

निर्लज्जपणाची हद्द झाली. परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "मग दोन वर्षं हिची सही का अडवलीत?"

सर तोटीशी चाळा करू लागले. मुलीनं प्रबंध त्यांच्या पुढ्यात ठेवला, वर पेन ठेवलं.

"करा सही," ती म्हणाली. "आता कशाला थांबताय?"