हवा नसलेल्या ठिकाणचा आवाज

"भाऊजी, हे गेले," कमलवहिनी फोनवर म्हणाल्या, आणि लगेच, "चहा घेऊनच निघा, इथं कुणाला सुचायचं नाही." रंगनाथच्या बायकोला शोभेल असाच निरोप होता तो... मुद्द्याला धरून.

रंगनाथ मूळचा पिशोरचा. औरंगाबादेत आम्ही एकाच कॉलेजात होतो. तो पदार्थविज्ञान शिकवायचा, मी इतिहास. अंतराळावरचे सिनेमे त्याला अतोनात आवडत आणि त्यातली एकही चूक सहन होत नसे. थेटरात यान धडाडधूम फुटलं की हा खुर्चीतून ओरडे, "हवा हाय का तिथं? आवाज कुठून आला?" एकदा मागून उत्तर आलं, "चचा, बैठ जाओ. हवा तो इधर बी नई आरी!" वहिनींनी त्याच्याबरोबर थेटरात जाणं सोडलं ते तेव्हापासून.

पुढं घरी टीव्ही आला आणि रिमोट अर्थातच रंगनाथच्या हातात. यानाबाहेरचं दृश्य आलं की तो आवाज बंद करी, माणसं आत शिरली की पुन्हा सुरू. आत हवा असते; उगाच अन्याय करणाऱ्यातला तो नव्हता.

"अहो, एक पिक्चर तरी धड ऐकू द्या," वहिनी वैतागायच्या. "लढाई चाललीय का सुतक, काय कळंना!"

"शास्त्र आहे, कमल."

"घाला ते शास्त्र चुलीत."

शोकसभेत अध्यक्षांना शाल मिळाली. प्रसंग पाहून पांढरी निवडली होती. ते गहिवरून म्हणाले, "सरांचा आवाज अवकाशात अनंत काळ घुमत राहील." शेजारी बसलेल्या वहिनी पुटपुटल्या, "नाय घुमणार." मला खोकल्याचं निमित्त करावं लागलं.

परवा वहिनींकडे गेलो तेव्हा टीव्हीवर यानांची लढाई दणक्यात चालली होती. रंगनाथची खुर्ची रिकामी, रिमोट वहिनींच्या मांडीवर.

"आता ऐका पोटभर," मी म्हणालो.

"ऐकला की परवा एक अख्खा पिक्चर. नुसता गोंगाट, भाऊजी..." त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

आम्ही दोघं बघत बसलो. यानं गुपचूप फुटत होती. शेवटी एक अंतराळवीर कसाबसा यानाच्या दारातून आत आला. मला वाटलं, आता आवाज येणार. पण वहिनींचा अंगठा बटणावर नुसताच टेकलेला. बाहेरचं दार बंद झालं, आत हवा भरली, त्यानं शिरस्त्राण काढलं...

मग त्यांनी आवाज सुरू केला.