नंदाचं अळणी वरण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय टाळते — त्याला ठाऊक असेलच, असं म्हणून मोकळी होते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही नंदाला ओळखत नाही.

नंदा माझी धाकटी बहीण. आमचं गाव लातूरकडचं, भूकंपात गेलं ते. आई गेली. वडील वाचले, पण बोलेनासे झाले. पत्र्याच्या शेडमध्ये वह्या घेऊन माणसं यायची, नाव विचारायची, वय विचारायची. नंदा माझ्या पाठीमागे उभी राहून म्हणायची, "आक्का सांगते." मी बारा वर्षांची, ती सहाची. तेव्हापासून तिच्या वतीनं मीच बोलत आले. शाळेत, दवाखान्यात, तिला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा. मोठेपणा मिरवायला सांगत नाही. पुढचं नीट कळावं म्हणून सांगतेय.

पंचविशीत तिला ल्युपस निघाला. गालांवर लाल चट्टे, सांधे धरलेले, ऊन अजिबात सोसायचं नाही. लग्न राहिलं ते राहिलंच. ती आमच्याकडे भोकरला आली. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे.

माझी ऋतुजा दहावीला चांगली निघाली आणि आम्ही तिला लातूरला शिकवणीला टाकलं. आमच्याकडे सगळेच टाकतात. पहिल्या वर्षी मेसचं खाऊन पोरीला कावीळ झाली. मग आम्ही तिथं खोली केली. आता, खोली केली की एक बाई लागते — आई, आजी, कुणीतरी. भाकरी कोण थापणार, डबा कोण भरणार? माझी नोकरी होती. नंदा रिकामी होती. तिला कुणी विचारलं होतं का? आठवत नाही.

त्या खोलीतच तिला चाचणी सापडली. ल्युपसच्या पेशंटचा एक ग्रुप होता, त्यात कुणीतरी टाकलं होतं — हैदराबादच्या एका दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी आहे, माणसं हवीत. ऋतुजाकडून वाचून घेऊन नंदानं जुने कागद तारखेवार लावले, फोटो काढून पाठवले. दिवाळीच्या सुट्टीत तपासणीला मी तिला घेऊन गेले. तिथं त्यांनी नीट समजावलं. काहींना खरं औषध मिळेल, काहींना तसंच दिसणारं दुसरं. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी यावं लागेल, दोन-दोन दिवस राहावं लागेल. आणि हे सगळं राजीखुशीनं. कधीही नाही म्हणता येईल, कुणी जबरदस्ती करणार नाही. नंदानं स्वतः सही केली. फोन नंबर मात्र माझा दिला. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तिची जीभ जड होते.

परतताना गाडीत ती म्हणाली, "आक्का, माझं मी कायतरी करून राहिले बघ." मी हसले. खिडकीतून बाहेर बघत होते.

फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होते. पोरं खिचडीला बसली होती. पलीकडचा माणूस म्हणाला, रिपोर्ट चांगले आहेत, तुमच्या बहिणीची निवड झाली आहे, सोमवारी घेऊन या.

ऋतुजाची डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा, ती नीट, चार महिन्यांवर होती.

आणि मी — सांगते, थांबा — मी म्हणाले, तिचा विचार बदललाय. ती येणार नाही.

त्यांच्याशी एकदा बोलता येईल का, तो म्हणाला. मी म्हणाले, ती घाबरलीय, नका बोलू. बिचारा लगेच मागे हटला. जबरदस्ती करायची नाही हा त्यांचा नियम. नंदाच्या भल्यासाठी केलेला नियम, आणि तो माझ्याच कामी आला. फोन ठेवून मी पोरांना खिचडी वाढायला गेले. काय वाटलं तेव्हा? काही नाही. आजही त्या जागी हात घालते तर काही लागत नाही.

शनिवारी लातूरला गेले. नंदा भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय म्हनले?"

"नियमात बसत न्हाईस म्हनले."

भाकरी तव्यावर पडली. मग ती म्हणाली, "किडनीचं निघालं का?"

किडनीचा विचार माझ्या मनातही नव्हता. तो तिनंच आणून दिला. आणि मी म्हणाले, "हाव."

विचारलं असतं तर ती आपणहून थांबली असती. ऋतूची परीक्षा होऊ दे, म्हणाली असती. मग मी का विचारलं नाही? कारण मग ते तिचे उपकार झाले असते.

त्या दिवसापासून नंदा अळणी जेवते. दोन मुठी डाळ वेगळी शिजवते, चटणीला हात लावत नाही, आंबिल तर तिनं सोडलीच. इथले डॉक्टर सांगतात किडनी ठीक आहे. ती ऐकून घेते आणि बाहेर आल्यावर मला म्हणते, "हितल्या मशिनीत दिसत न्हाई आक्का. हैदराबादच्या मशिनीत दिसलं ना." दुखणं वाढलंय. आता भाकरी थापता येत नाही, बोटं वळत नाहीत. पण दुसरी कुठली चाचणी तिनं कधी शोधली नाही.

ऋतुजा डॉक्टर होतेय. परवा सुट्टीला आली तेव्हा नंदाची सगळी फाईल घेऊन बसली. पुण्यात एक चाचणी सुरू होतेय, म्हणाली. "मावशी, तुझे रिपोर्ट तर चांगले आहेत गं. तू बसशील यात."

"न्हाई बसत मी," नंदा म्हणाली. "इचार तुझ्या आईला."

ऋतुजा माझ्याकडे वळली. "आई, त्यांनी तेव्हा नेमकं काय सांगितलं होतं?"

किती सोपं होतं. दोघी समोर होत्या. परीक्षा केव्हाच होऊन गेली होती. पोरगी डॉक्टर व्हायला निघाली होती. आता अडवणारं काहीच नव्हतं.

"किडनीचंच म्हनले होते," मी म्हणाले.

ऋतुजानं फाईल मिटली. मी स्वयंपाकघरात गेले, मीठ घालायच्या आधी नंदाचं वरण वेगळं काढलं आणि तिला नेऊन दिलं.