काहूनचा रकाना

संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून ताई विचारायच्या, "काहून?" म्हणजे, का? पडद्यावर बोटाचा ठसा उमटायचा. दर शनिवारी मी तो ओल्या फडक्याने पुसायचो. आता पुसावा लागत नाही.

आमची संस्था नागपूरच्या आसपासच्या शाळांत सिकलसेलची तपासणी करते. हा रक्ताचा आजार आईवडिलांकडून मुलांत येतो. निकालांच्या नोंदी तपासणं हे माझं काम. ताई एका प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेल्या. सगळे त्यांना ताई म्हणत.

तुम्ही पाहिलं असेल, आकड्यांत राहणारी माणसं बेरीज जुळली की निवांत होतात. मी त्यातलाच. ताईंना मात्र बेरीज जुळली की शंका यायची. "भाऊ, लय साफ दिसून राहिलं हे," म्हणायच्या.

मग पूर्वा नावाच्या तरुण अभियंता मुलीने आमच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली बसवली. कोणता निकाल संशयास्पद आहे, ते ती प्रणाली सांगायची. उमरेडकडच्या एका शाळेचे निकाल तिने बिनशंकेचे ठरवले. बेरीज जुळत होती. मी सही केली.

ताईंचं बोट चौथीतल्या एका मुलीच्या नावावर थांबलं. निकाल होता, निरोगी.

"काहून?"

"ताई, सिस्टीमच म्हणते ना," पूर्वा म्हणाली. "अठ्ठ्याण्णव टक्के खात्री आहे."

"ते मले दिसते. काहून म्हणते, ते सांग वं."

प्रणालीत कारण सांगायची सोय पूर्वाने केलीच नव्हती.

"हिच्या मायचं रक्त म्याच तपासलं होतं," ताई म्हणाल्या. "तिले हा आजार आहे. मायले असला तर लेकरात निदान अर्धा तरी येतेच. मंग ही कोरी कशी निघाली?"

आईची नोंद आमच्याकडे होती, पण दुसऱ्या फाईलमध्ये.

"घर एक अन् फायली दोन. तुह्या मशीनले गणगोत नाही का वं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीने त्या शाळेत गेलो. मुलगी वर्गात नव्हती. सांधे दुखतात म्हणून आठवड्यातून दोन दिवस घरीच असते, असं गुरुजी म्हणाले. आमचा निकाल निरोगी आल्यापासून तर सगळे तिला कामचुकार समजत होते.

"रक्त काढलं त्या दिवशी रांग कशी लावली होती?" ताईंनी विचारलं.

"प्रार्थनेला लावतो तशीच. बुटके पुढे, उंच मागे."

नळ्यांवरची नावं मात्र आमच्या माणसाने आदल्या दिवशीच हजेरीपटाच्या क्रमाने लिहून ठेवली होती.

ताई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. "म्हणजे रक्त उंचीनं चाललं, अन् नावं हजेरीनं."

सगळ्या वर्गाचं रक्त पुन्हा तपासलं. या वेळी एकेका मुलाला नाव विचारून, त्याच्यासमोरच नळीवर लिहिलं. ती मुलगी आजारी निघाली आणि तिचे उपचार सुरू झाले. उगाच गोळ्या खात असलेला एक मुलगा निरोगी निघाला. दोघांच्याही चुकीच्या निकालाखाली माझी सही होती. परतताना बसमध्ये मी ताईंना तसं म्हटलं.

"बेरीज तं बरोबर होती ना, भाऊ," त्या म्हणाल्या. नावांची अदलाबदल झाली तरी बेरीज हलत नाही, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते वाक्य मला अजून टोचतं.

नंतर पूर्वाने नोंदी घराघरांप्रमाणे जोडल्या आणि प्रत्येक निष्कर्षापुढे कारणाचा रकाना ठेवला. त्याचं नाव तिने 'काहून' असं ठेवलं. ताई खूश झाल्या, पण एक अट घातलीच. "कारण नाही समजलं, तं तसंच लिही म्हणा मशीनले. लाजू नको म्हणा."

गेल्या हिवाळ्यात ताई वारल्या.

परवा एका लहान मुलाच्या नोंदीपुढे, 'काहून'च्या रकान्यात आलं: कारण सांगता येत नाही. मी कागद छापला आणि सवयीने समोरच्या, ताईंच्या टेबलाकडे सरकवला. थोडा वेळ तो तिथेच पडून राहिला. मग मी तो उचलून पिशवीत घातला आणि पूर्वाला त्या मुलाच्या गावच्या एसटीची वेळ विचारली.