हिरव्या पाण्याची किटली

लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले ती मांडीवर काचेची पेटी घेऊन. कपाट, गाद्या, भांडीकुंडी मागून टेम्पोतून आली, पण पेटी मी कुणाच्या हातात दिली नाही. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून माझ्या वडिलांनी ती घरीच बनवली होती. त्यांना माशांचा नाद, आणि तो जसाच्या तसा माझ्यात उतरलेला. एस.टी.तल्या बायका नव्या नवरीच्या मांडीवरचं ते प्रकरण बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसेनात का! माहेरच्या सामानात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

वडिलांकडे एका जुन्या मासिकात समुद्रातल्या महाकाय शिंपल्याचा फोटो होता. पोळपाटाहून मोठा, आतलं मांस मोरपिशी निळं. लहानपणी तो फोटो बघून मी हट्टच धरला होता की मला मासे नकोत, हा पाहिजे. आता खानदेशात समुद्र कुठून आणायचा? पण तापीच्या वाळूत शिंपले असतात, हे मला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी यांना स्कूटरवरून तापीवर न्यायला लावलं. गुडघाभर पाण्यात उतरून मी वाळू चाचपत होते आणि हे काठावर चपला सांभाळत उभे होते. ओळखीचं कुणी दिसलं की तोंड फिरवायचे. शेवटी सापडला एक. माझ्या तळहाताएवढा, काळपट हिरवा, दगडासारखा गप्प.

त्याला पाळणं दिसतं तितकं सोपं नाही. तो वाळूत अर्धा रुतून बसतो. वरच्या कडेला दोन बारीक भोकं उघडतो, एकातून पाणी आत घेतो आणि दुसऱ्यातून सोडतो. त्या पाण्यात जी डोळ्यांना न दिसणारी हिरवी वनस्पती तरंगत असते, तेच त्याचं अन्न. पेटीतलं पाणी म्हणून जरा हिरवटच असावं लागतं. नितळ पाण्यात तो सावकाश उपाशी मरतो. मी गच्चीवर एका बादलीत पाणी उन्हात ठेवून हिरवं करायची आणि रोज सकाळी त्यातलं कपभर पेटीत ओतायची.

आणि हिरवं पाणी हीच गोष्ट आमच्या घरात मंजूर होणं कठीण होतं, कारण घरात अक्का होत्या.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. पांझरेकाठच्या खेड्यातल्या, जळगावात राहून इतकी वर्षं झाली तरी बोली तिथलीच. घासलेल्या हंड्यात चेहरा दिसला नाही तर त्या हंडा परत घासायला बसत. पाणी म्हणजे तुरटी फिरवलेलं, दोनदा गाळलेलं. पेटीसमोर त्या पहिल्यांदा उकिडव्या बसल्या तो क्षण मला अजून आठवतो.

“हाई काय शे व?”

“शिंपला आहे, अक्का. तापीतला.”

“तो काय खास?”

“हिरवं पाणी.”

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की आपल्या मुलासाठी नीट चौकशी न करता मुलगी केली याची त्यांना तिथल्या तिथे खात्री पटली असावी. “दख,” त्या म्हणाल्या, “घरमा मेलं काही चालाव नही. हाऊ मरना, की पेटी माळावर.”

मी मान डोलावली. पेटी माळ्यावर गेली तर परत खाली येणार नाही, हे मला कळत होतं. त्या दिवसापासून मी त्या शिंपल्याला बाळंतिणीसारखं जपलं.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला सासुरवाशीण माहेरी जाणार म्हणजे जाणारच. झोके, गौराई, आमरस, मांडे, त्यापुढे काही सुचत नाही. मी धुळ्याला निघाले आणि माझी नणंद जावयांसह जळगावला येणार होती. जाताना मी अक्कांना सगळं समजावलं. सकाळी बादलीतलं कपभर पाणी, दुपारी पेटीवर ओलं गोणपाट, कारण मे महिन्यात आमच्याकडे भांड्यातलं पाणीसुद्धा चटका देतं. अक्का सगळ्याला “हां, हां” म्हणाल्या.

मी परत आले तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. चेहरा खुलला होता. हाताला धरून त्यांनी मला पेटीपाशी नेलं.

“दख, कसं आरसासारखं करं पानी! तुरटी फिराई मी. जवाई लोके घरमा येतीन आन असं गढूळ पानी?”

पाणी खरंच लखलखत होतं. तळाची वाळू कण न् कण मोजावा अशी दिसत होती. गच्चीवरची बादलीही राखेनं घासून पालथी घातलेली. आणि शिंपला घट्ट मिटलेला. तो असा कधी मिटत नसे. कुणी हात लावला तर क्षणभर, एवढंच. मला रडूच फुटलं.

“अक्का, ते पाणी म्हणजे त्याचं जेवण होतं. तुम्ही त्याच्या पुढचं ताटच उचललंत!”

अक्कांचा चेहरा उतरला. घाण पाण्याचं, मेलेल्या जिवाचं त्यांना काय वाटत होतं ते मला माहीत होतं. पण आमच्या घरातून पोस्टमनसुद्धा भाकरी खाल्ल्याशिवाय जात नसे, हे मी रागात विसरले होते.

“म्हणजे तो उपाशी शे?” त्यांनी हळूच विचारलं. “मन्हा घरमा?”

मी तुरटीचं निम्मं पाणी काढलं, न्हाणीत आदल्या दिवसापासून भरलेलं, तुरटी न फिरवलेलं पाणी घातलं. मिटलेला शिंपला जिवंत असतो. मेला की त्याची दोन्ही कवचं आपोआप फाकतात आणि वास सुटतो. म्हणजे आशा होती. पण नवं हिरवं पाणी तयार व्हायला वेळ लागणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का दुधाची किटली हातात घेऊन तयार. “नशिराबादले चाल. तठे म्हशीसना हौद शे.”

नशिराबादला त्यांच्या चुलत दिरांचा मळा होता. म्हशींच्या हौदातलं पाणी कसं झकास हिरवंगार! आयुष्यभर ज्या हिरवटपणाला नाक मुरडलं, तो अक्का वाकून वाकून किटलीत भरून घेत होत्या, वर मलाच बजावत होत्या की तळाचा गाळ येऊ देऊ नकोस. परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, “अक्का, दूध का?”

“नही भो. पाहुनानं जेवन शे.”

त्यानं झाकण उचलून आत बघितलं आणि पुन्हा लावलं. “पाहुना कोठला?”

“तापीना,” अक्का म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. मला हसू दाबता दाबता ठसका लागला.

मी पाणी फडक्यातून गाळून थोडं थोडं ओतत होते. शिंपला मात्र हलेना. अक्का येता-जाता वाकून पेटीचा वास घ्यायच्या. गोणपाट वाळायच्या आत त्याच भिजवायच्या. यांनी एकदा माळ्याकडे नुसती नजर टाकली तर अक्कांनी अशा डोळ्यांनी बघितलं, की हे चहा न घेताच कामावर गेले. अक्का जेवणाच्या वेळी नुसतं ताक घेऊन उठत. मी आग्रह केला की म्हणत, “भूक नही व. ऊन शे.” जळगावचं ऊन, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

अशात एका सकाळी मी पडदा सारला आणि बघते तर शिंपल्याच्या कडेला पांढरी रेघ. मेला, असंच वाटलं. खाली वाकले. रेघ हलत होती. झालरीसारखी कड हळूच बाहेर आली. मी चमचाभर हिरवं पाणी त्याच्याजवळ सोडलं, आणि ती हिरवी धार वाकली, वळली आणि सरळ आत गेली!

मी काय ओरडले कोण जाणे. अक्का देवापुढून ओल्या हातांनीच धावत आल्या. पेटीसमोर बसल्या. मी आणखी एक चमचा सोडला. तीही धार आत गेली.

“खास का?”

“खातोय, अक्का. खातोय!”

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मांडणीवरून आपली थाळी काढली आणि भिंतीला टेकून बसल्या.

“आते माले वाढ.”

ताक उन्हासाठी नव्हतं तर. घरात आलेला जीव उपाशी होता, म्हणून ही बाई इतके दिवस जेवली नव्हती, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. डोळे पुसत मी चुलीपुढे बसले आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी थापली. अक्का पोटभर जेवल्या, आणि प्रत्येक घासाला एकदा पेटीकडे बघून घेत होत्या.